घोट्याचं फ्रॅक्चर, शंभरपैकी मार्क आणि मधली भानगड

घोट्याचं फ्रॅक्चर झालेल्यांना फॉलो-अपला पाय आता कसा आहे हे विचारणारे जे फॉर्म भरायला देतात ना, त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. सगळीकडे देतात असं नाही, पण जिथे देतात तिथे बहुतेक लोक ते रांगेत बसल्या बसल्या पटापट टिक करून परत करतात, आणि त्या टिकांचं पुढे काय होतं हे कुणी सांगत नाही. मी जरा चिकित्सक, त्यात पाय वर ठेवून पडून राहण्याशिवाय दुसरं काही काम नाही, त्यामुळे वाचत बसले. माझं बाहेरच्या बाजूचं हाड मोडलेलं, म्हणजे फिब्युला, प्लेट आणि स्क्रू टाकून जोडलेलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघून "एकदम मस्त जुळलंय" म्हणून सांगितलं आणि मी मात्र त्याच दिवशी क्लिनिकच्या जिन्यावरून कठडा धरून, आडवी होत, एकेक पायरी उतरले. दोघांचंही खरं होतं. हाड जुळलं होतंच, प्रश्न पायाचा होता.

तर पेशंटला विचारून मोजायचं हे खूळ कुठून आलं? एक्स-रेमध्ये हाड दिसतं, गोनिओमीटर लावला की सांधा किती अंश वाकतो ते कळतं, पण माणूस घरातून बाहेर पडून कामाला जाऊ शकतो का, हे कुठल्याच यंत्रात दिसत नाही. आणि हे दोन्ही एकमेकांशी जुळतंच असंही नाही. ब्रिटनमध्ये साठीच्या पुढच्या लोकांवर एक मोठी चाचणी झाली होती, ‘एम’ (AIM) नावाची, 2016 मध्ये छापून आली. 620 लोक, घोट्याचं अस्थिर फ्रॅक्चर, म्हणजे हाड जागेवरून सरकू शकेल असं, निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना भूल देऊन पायाला अगदी घट्ट बसेल असं प्लास्टर. सहा महिन्यांनी लोकांनी स्वतः दिलेला स्कोअर शंभरपैकी ऑपरेशनवाल्यांचा 66.0 आणि प्लास्टरवाल्यांचा 64.5. म्हणजे सारखाच. पण एक्स-रे काढले तेव्हा प्लास्टरवाल्यांमध्ये हाड वाकडं जुळल्याचं प्रमाण 15 टक्के आणि ऑपरेशनवाल्यांमध्ये 3 टक्के! फोटोत एवढा फरक आणि माणसांच्या उत्तरात काहीच नाही. (प्लास्टरवाल्यांपैकी काहींना नंतर ऑपरेशन करावंच लागलं, ते सोडून द्यायचं नाही, आणि हे साठीच्या पुढच्यांचं आहे, पंचविशीतल्या कुणी वाचून लगेच डॉक्टरांशी भांडायला जाऊ नये.)

यात सगळ्यात जास्त वापरला जाणारा फॉर्म म्हणजे ओलेरुड-मोलँडर स्कोअर, दोन स्वीडिश डॉक्टरांनी 1984 मध्ये काढलेला. एम चाचणीतलाही हाच. फक्त नऊ प्रश्न, मार्क शंभरपैकी, शंभर म्हणजे पाय पहिल्यासारखा. दुखण्याला 25, रोजच्या कामाला 20, आखडण्याला 10, सुजेला 10, जिन्याला 10, काठी-कुबडी-पट्टी लागते का याला 10, आणि पळणं, उडी मारणं, उकिडवं बसणं यांना प्रत्येकी 5. दोन मिनिटांत भरून होतो आणि म्हणूनच तो एवढा टिकला असावा, चाळीस पानी प्रश्नावली कोण भरणार.

पण जरा बारकाईने बघितलं की गंमत कळते. दुखण्याच्या प्रश्नात ‘किती दुखतं’ हे विचारतच नाहीत. ‘कुठे चालताना दुखतं’ हे विचारतात. अजिबात दुखत नाही तर 25, खडबडीत जमिनीवर चालताना दुखतं तर 20, बाहेर सपाट रस्त्यावर चालताना दुखतं तर 10, घरातल्या घरात चालतानाही दुखतं तर 5, आणि सतत जोरात दुखत असेल तर शून्य. मी पहिल्यांदा हा फॉर्म हातात घेतला तेव्हा फिजिओला म्हटलं की अगं मला थोडंसंच दुखतं, यात थोडंसं कुठे लिहू, तर ती म्हणाली, "मॅडम, थोडं का जास्त ते नकोच आहे त्यांना, कुठे चालताना ते सांगा." मला हे आवडलं खरं तर. थोडं आणि जास्त हे प्रत्येकाचं वेगळं असतं, पण खडीच्या रस्त्यावर पाय टाकताना दचकायला होतं की नाही, हे पक्कं सांगता येतं. आता यात मजा अशी की सपाट रस्त्यापासून खडबडीत जमिनीपर्यंत पोचलात की एकदम दहा मार्क वाढतात, आणि खडबडीत जमिनीवरूनही दुखणं गेलं की फक्त पाच. का? तर ठरवलंय तसं. ते मार्क कुणीतरी टेबलाशी बसून वाटलेत, पायाला त्याची कल्पना नाही.

आखडण्याचं तर अजून भारी. दोनच पर्याय, आखडतो किंवा आखडत नाही, दहा किंवा शून्य. माझी फिजिओ दर थोड्या दिवसांनी एक टेस्ट घेते, भिंतीसमोर उभं राहायचं, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा, आणि अंगठा भिंतीपासून किती लांब ठेवून हे जमतं ते टेपने मोजायचं. सुरुवातीला माझा अंगठा जवळजवळ भिंतीला लागलेला असायचा तरी टाच उचलली जायची आणि मी हळूच चोरून उचलायचे, ती खाली बसून टाचेखाली कागद सरकवून बघायची, कागद गेला की ‘पकडलं’. मग सेंटिमीटर हळूहळू वाढत गेले, फिजिओ खूश, मी खूश, आणि ओलेरुड-मोलँडरमध्ये आखडण्याचे मार्क? शून्य. कारण सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं अजून लाकडासारखी पडतात, म्हणजे आखडतो, म्हणजे शून्य. इतकी सगळी सुधारणा त्या प्रश्नाच्या फटीतून गळून गेली.

जिन्याचंही तेच. फॉर्ममध्ये ‘जिना’ एवढंच आहे, काही त्रास नाही / त्रास होतो / जमतच नाही. ज्याचा घोटा मोडलाय त्याला विचारा, चढणं आणि उतरणं ही दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत. चढताना चालून जातं. उतरताना मागच्या पायाचा घोटा वरच्या पायरीवर पूर्ण वाकायला लागतो, गुडघा बोटांच्या पुढे जायला लागतो, आणि घोटा तेवढा वाकत नसेल तर टाच लवकर उचलते आणि माणूस पुढच्या पायावर धपकन पडल्यासारखा उतरतो, किंवा माझ्यासारखा आडवा होऊन उतरतो. चढण्याला पैकीच्या पैकी आणि उतरण्याला नापास, मग टिक कुठे करायची? मी ‘त्रास होतो’वर करते. दुसरा कुणी चढण्याचा विचार करून ‘काही त्रास नाही’ करेल, आणि दोघांचे मार्क एकाच तक्त्यात जाऊन बसतील.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. टोटल. समजा एकाला खडबडीत जमिनीवर दुखतं, पाय आखडतो, आणि पळता येत नाही. पाच, दहा आणि पाच गेले, उरले 80. समजा दुसरीला काहीच दुखत नाही, आखडत नाही, फक्त संध्याकाळी सूज येते, उडी मारता येत नाही, आणि सूज आणि थकव्यामुळे तिला पहिलं काम सोडून हलकं काम घ्यावं लागलंय किंवा अर्धवेळ करावं लागलंय. पाच, पाच आणि दहा गेले. 80. दोघंही ऐंशी! एकाला दुखतं, आखडतं, पळता येत नाही एवढंच, आणि दुसरीचा रोजगार बदलला. टक्केवारी बघून मुलाला कुठला विषय जमत नाही ते कळतं का, तसंच आहे हे. माझं उभ्याने करायचं काम आहे, त्यामुळे मला हे फार लागलं. ‘ऐंशी म्हणजे छानच की’ असं कुणी म्हणालं तर मी आधी विचारेन की वीस कुठे गेले.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की एकट्या पेशंटच्या बाबतीत टोटल बघूच नये, प्रश्न बघावेत. टोटल ही चाचण्यांसाठी आहे, शेकडो लोकांची सरासरी काढायला. तिथे ती कामाला येतेच. फिनलंडमध्ये 2019 ची एक चाचणी आहे, 247 लोक, वेबर बी प्रकारचं (बाहेरचं हाड घोट्याच्या सांध्याच्या पातळीवर मोडलेलं) पण स्थिर फ्रॅक्चर, म्हणजे ऑपरेशन न लागणारं. सहा आठवडे प्लास्टर, तीन आठवडे प्लास्टर आणि तीन आठवडे साधा घोट्याचा सपोर्ट असे तीन गट केले. वर्षाने स्कोअर आले 87.6, 91.7 आणि 89.8. म्हणजे त्या प्रकारच्या फ्रॅक्चरला दीड महिना प्लास्टरमध्ये ठेवायची गरज नाही, तीन आठवडे पुरतात. हे कळायला नऊ प्रश्नांचा फॉर्म पुरला, आणि असं फ्रॅक्चर झालेल्या कित्येकांची तीन आठवड्यांची सुटका होऊ शकते. फॉर्मला शिव्या घालताना हे पण बोललं पाहिजे.

बाकी फॉर्मही बरेच आहेत. एक फूट अँड अँकल आउटकम स्कोअर, 42 प्रश्नांचा, याची चांगली गोष्ट अशी की यात टोटल करतच नाहीत, दुखणं, बाकी लक्षणं, रोजची कामं, खेळ, आणि आयुष्यावरचा परिणाम असे पाच वेगळे स्कोअर देतात. आणि त्या शेवटच्या भागात एक प्रश्न आहे की तुमच्या पायावर विश्वास नसल्याचा तुम्हाला किती त्रास होतो. हा प्रश्न वाचल्यावर मी पेन खाली ठेवलं, म्हटलं आता कुठे मुद्द्याला हात घातलात. कारण ओलेरुड-मोलँडरमध्ये उडीला ‘जमते’ आणि ‘जमत नाही’ एवढंच आहे, आणि माझं उत्तर आहे ‘बघितलीच नाही मारून’. जमेल कदाचित. फिजिओ म्हणते जमेल. पण पाण्याचं छोटंसं डबकं दिसलं तरी मी वळसा घालून जाते, भीती वाटते, पाय सटकण्याचा तो क्षण अंगात बसलाय. न जमणं आणि न धजणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, एकाला व्यायाम लागतो आणि दुसऱ्याला धीर, पण कागदावर दोन्ही शून्यच.

मग लोअर एक्स्ट्रिमिटी फंक्शनल स्केल आहे, 1999 चा, 20 कामं, प्रत्येकाला 0 ते 4, एकूण 80. हा फक्त घोट्याचा नाही, अख्ख्या पायाचा आहे, त्यामुळे अंथरुणात कूस बदलण्यापासून ते जोरात पळता पळता झटकन वळण्यापर्यंत सगळं आहे. प्लास्टरमध्ये असताना कूस बदलणं हे खरंच काम होतं, तेव्हा हा प्रश्न बघून बरं वाटलं की चला कुणाला तरी माहितीये. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत हाच स्केल होता, 2015 ची, 214 लोक, प्लास्टर निघाल्यावर काहींना देखरेखीखाली व्यायाम आणि सल्ला, बाकीच्यांना नुसता सल्ला, आणि दोन्ही गटांत फरक नाही! हे मी फिजिओला मोठ्या तोऱ्यात सांगितलं तर ती म्हणाली, "असू दे मॅडम, तुम्ही भिंतीपाशी या." (तिचंही बरोबर आहे, सरासरीत फरक नाही म्हणजे कुणालाच उपयोग नाही असं होत नाही, आणि सल्ला मिळालेल्यांनीही घरी व्यायाम केलेच असतील की.)

अजून एक मँचेस्टर-ऑक्सफर्डचा फॉर्म आहे, 16 प्रश्न, चालणं-उभं राहणं, दुखणं आणि लोकांत मिसळणं, पण त्याचं उलटं आहे, त्यात शून्य म्हणजे उत्तम आणि शंभर म्हणजे वाईट. तेव्हा ‘माझा स्कोअर 70 आला’ असं कुणी सांगितलं तर अभिनंदन करायचं का वाईट वाटून घ्यायचं हे फॉर्मचं नाव विचारल्याशिवाय ठरवू नका. आणि डॉक्टर लोकांचा जुना लाडका अमेरिकन स्कोअर, 1994 चा, दुखण्याला 40, कामाला 50, पायाच्या सरळपणाला 10, त्यात तर काही मार्क पेशंट देतो आणि काही डॉक्टर तपासून देतात. म्हणजे धड ना पेशंटचा धड ना डॉक्टरचा.

मार्क किती वाढले म्हणजे खरंच बरं वाटलं म्हणायचं हा अजून एक किचकट प्रश्न. त्या 80 मार्कांच्या स्केलला साधारण 9 मार्कांचा फरक लागतो असं तो काढणाऱ्यांनीच सांगितलंय, त्याच्या आतला चढउतार म्हणजे आज झोप नीट झाली नाही, पाऊस होता, मूड नव्हता, असलं काहीही असू शकतं. म्हणून मागच्या वेळेपेक्षा तीन मार्क कमी आले म्हणून रडत बसण्यात अर्थ नाही, आणि तीन वाढले म्हणून नाचण्यातही. तसंही नाचता कुठे येतंय.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे ‘पहिल्यासारखं’ हा शब्द. गुडघा बदलायचा असतो तेव्हा ऑपरेशनच्या आधी फॉर्म भरून घेता येतो, तारीख ठरलेली असते. फ्रॅक्चर काय सांगून होत नाही. त्यामुळे आधीचा पाय कसा होता हे नंतर आठवून लिहायला लागतं, आणि आठवणीतला आपला पाय नेहमीच फार भारी असतो! मी आठवून आठवून लिहिलं की पळायला काही त्रास नव्हता, तर घरचे म्हणाले तू पळायचीस कधी? आता काय बोलणार. उलट दुसऱ्या बाजूने असंही होतं की काही महिन्यांनी माणूस त्या पायाला सरावतो. आधी लिफ्ट बंद असली की चिडायचे, आता मुळातच जिन्याच्या वाटेला जात नाही, त्यामुळे ‘जिन्याचा त्रास’ कमी झाला असं मला वाटतं आणि मी मोकळ्या मनाने पुढचा मार्क टिक करते. पाय तोच, मोजपट्टी माझी बदलली. हे फॉर्मला कळायला मार्ग नाही. सूजही अशीच, आधी संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ पायात रुतलेला दिसला की घाबरून पाय उशीवर ठेवायचे, आता तो वळ रोजचाच झाला म्हणून परवा जवळजवळ ‘सूज नाही’ लिहिणार होते.

मला स्वतःला सगळ्यात पटलेला प्रकार म्हणजे पेशंट स्पेसिफिक स्केल, 1995 मधला. यात छापील कामं नसतातच. तुम्हीच तीन ते पाच कामं सांगायची जी तुम्हाला पायामुळे जमत नाहीयेत, आणि प्रत्येकाला 0 ते 10 मार्क द्यायचे, 0 म्हणजे जमतच नाही आणि 10 म्हणजे दुखापतीआधी जमायचं तसं. मी लिहिलं, जिना समोर बघून उतरणं, कामावर पूर्ण वेळ न टेकता उभं राहणं, आणि अंधारात खडबडीत वाटेवर बॅटरीशिवाय चालणं. तिसरं वाचून फिजिओ हसली, पण लिहून घेतलं. आणि तेव्हापासून व्यायामही त्या हिशोबाने बदलले, एका पायावर डोळे मिटून उभं राहणं वगैरे सुरू झालं, कारण अंधारात डोळ्यांची मदत नसते, सगळं घोट्यालाच कळावं लागतं. शंभरपैकी किती हे सांगून कुठलाच व्यायाम बदलला नसता. याचा तोटा उघड आहे, माझ्या तीन कामांची दुसऱ्याच्या तीन कामांशी तुलना करता येत नाही, त्यामुळे मोठ्या चाचणीत मुख्य मोजमाप म्हणून हा फारसा कामाचा नाही. पण मला चाचणी कुठे करायचीये.

फॉर्म कधी भरायचा यानेही खूप फरक पडतो. पहिल्या सहा महिन्यांत मार्क भराभर वाढतात, मग चढ एकदम सपाट होतो, आणि दोन वर्षांनीही सगळे शंभरला पोचत नाहीत, बरेच जण अलीकडेच थांबतात. हे आधी माहिती असतं तर सातव्या-आठव्या महिन्यात ‘आता काही वाढतच नाही, काहीतरी बिघडलंय’ म्हणून मी जे डोकं धरून बसले होते ते बसले नसते. हे पेशंटला प्लास्टर काढतानाच सांगायला काय हरकत आहे कळत नाही.

आणि एक, पुढच्या फॉलो-अपला नवा कोरा फॉर्म देतात, मागच्या वेळी काय लिहिलं होतं ते दाखवत नाहीत. दाखवावं का नाही यावर दोन मतं आहेत, काही म्हणतात जुनी उत्तरं बघून माणूस मुद्दाम थोडं वाढवून लिहितो, काही म्हणतात बघितल्याशिवाय बदल नीट सांगताच येत नाही. मी काही कुणाच्या अभ्यासात नाही, त्यामुळे मी भरलेल्या प्रत्येक फॉर्मचा परत देण्याआधी मोबाइलवर फोटो काढते. नवा फॉर्म आधी न बघता भरायचा, आणि मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून कुठली टिक सरकली ते डॉक्टरांना दाखवायचं. टोटल ते करतीलच.